काल सांच्याला

पुंजाराम गोर्डे यांचा आवाज शाइस्तानं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते तिच्या समोर उभे होते. नंतर ते समोर नसतानाही तो ऐकू येत राहिला. दोन-तीन शब्द, आणि त्यांच्यापुढं एक तुटलेली जागा. तिथून पुढं शाइस्ता स्वतःच बोलायला लागली होती.

शाइस्ता बिडकीनला एका ट्रस्टच्या दवाखान्यात सीटी स्कॅन काढायची. रोज पैठणच्या एसटीनं शहरातून यायची, संध्याकाळी परत जायची. डोक्यावर ओढणी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव शाइस्ता अंजुम. आणि तोंड उघडलं की थेट बाजारहाटातली मराठवाडी. पेशंटसोबतच्या बाया आधी चपापत, मग सैलावत. "आमच्यावानीच बोलती की ही," असं एकमेकींना म्हणत. दवाखान्यातल्या आयाबाई रत्नमालेनं तर तिचं नावच पाडलं होतं, मराठी मॅडम.

ही भाषा तिनं कमावली होती. ती वाढली शहरात, रोशन गेटच्या आतल्या गल्लीत. घरात दखनी, शाळा उर्दू. डिप्लोमा करून लासूर स्टेशनला एका छोट्या एक्स-रे केंद्रात लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा म्हणाला, "पाठीत उसण भरली," आणि ती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. त्या दिवशी तिनं शंभर पानी वही घेतली. उसण भरणं, चमक निघणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, जीव घाबरा होणं. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला उर्दूत अर्थ. बाजाराच्या दिवशी मोडकी मनगटं आणि सुजलेले गुडघे घेऊन लोक यायचे, तेव्हा एकेका दिवसात पान भरायचं. दहा वर्षांत वही संपली. सुरुवातीच्याच एका पानावर होतं: अंगावरून वारं जाणं, म्हणजे फालिज. लकवा.

बिडकीनच्या दवाखान्यात दीड वर्षापूर्वी एक सॉफ्टवेअर आलं. मेंदूचा स्कॅन पुरा झाला की चित्रं आपोआप पुढं जात आणि तीन मिनिटांत शहरातल्या मेंदूच्या डॉक्टर मंजुषा यांच्या फोनवर निकाल पोचे. रक्तस्राव आहे की नाही, मोठी नळी तुंबली आहे का, आणि मेंदू अजून किती शाबूत दिसतो त्याचे दहापैकी गुण. गुण देतो म्हणून रत्नमालेनं त्याचंही बारसं केलं. मास्तर.

"काय म्हणतेत मास्तर? पास का नापास?" स्ट्रेचर ढकलता ढकलता ती विचारायची.

आधी असा पेशंट शहरात पाठवावा लागे आणि वाटेतच हातातला वेळ जाई. लकवा मारल्यापासून साडेचार तासांच्या आत रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. उशीर झाला की तेच इंजेक्शन जिवावर उठू शकतं. आता डॉक्टर मंजुषा फोनवर निकाल बघून 'द्या' म्हणत आणि इथंच सुई टोचली जाई. मास्तर आल्यापासून चार माणसं आपल्या पायांनी घरी गेली होती.

मास्तरला एक गोष्ट मात्र कळत नसे. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ही वेळ चित्रात नसते. ती नातेवाइकांना विचारून एका चौकटीत भरावी लागे. खरं तर ते अपघात विभागातल्या डॉक्टरांचं काम. पण नातेवाइकांशी बोलायचं म्हटलं की सगळ्यांना मराठी मॅडमच आठवायची, आणि तिलाही ते आवडायचं.

नवरात्रातली आठवी माळ होती. सकाळचे अकरा चाळीस. कंपन्यांच्या बाजूला टेम्पोनं उडवलेले दोन कामगार आत आले होते आणि डॉक्टर त्यांच्यात गुंतले होते. "मॅडम, स्कॅनला घ्या, वेळ तुम्हीच विचारा," ते आतूनच ओरडले.

स्ट्रेचरवर पन्नाशीची बाई होती, चतुराबाई. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबणारा, कपाळभर कुंकू फासलेलं. शेजारी तिचा नवरा. डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी.

"मामा, हे कधी झालं?"

"काल सांच्याला वारं आलं व्हतं तिला, मंग..."

"काल? किती वाजता?"

"आरतीच्या टायमाला. सात वाजले असतील. पर मंग सकाळी..."

"बस मामा. बाहेर बसा तुम्ही. आधीच उशीर झालाय."

हे ती जरा रागानंच म्हणाली. लकवा मारल्यावर रात्रभर घरी ठेवायचं, अंगारा लावायचा, मालिश करणाऱ्याला बोलवायचं आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना आठवायचा. असे कितीतरी तिनं पाहिले होते. हे त्यांतलेच. तिनं चौकटीत लिहिलं: काल, संध्याकाळी सात.

तीन मिनिटांत निकाल आला. रक्तस्राव नाही. मोठी नळी मोकळी. दहापैकी नऊ. लगेच डॉक्टर मंजुषांचा फोन आला.

"शाइस्ता, नऊ दिसतायत. चित्र मला ताजं वाटतंय गं. वेळ पक्की आहे ना?"

"पक्की आहे मॅडम. नवऱ्यानं सांगितलं. माझ्याशीच बोलले."

"नीट विचारलंस?"

"त्यांची भाषा कळते मला, मॅडम."

डॉक्टरांनी मनाशी तास मोजले. मग त्या म्हणाल्या, "सोळा तास उलटले म्हणजे. इंजेक्शन नाही देता येणार. गोळ्या सुरू करा, दाखल करून घ्या."

दुसऱ्या दिवशी चतुराबाईंचा पुन्हा स्कॅन झाला. या वेळी मेंदूच्या डाव्या अंगाला पसाभर काळी सावली होती. चित्रं पाठवून शाइस्ता दाराशी आली तेव्हा रत्नमाला बाकावर पुंजारामांशी बोलत होती.

"झालं कसं पण हे मामा?"

"काय सांगू बाई. सकाळी उठली, सडा टाकला, घटाला पाणी घातलं. वेचणीच्या बायांना हाका मारून आली. साडेधाला भगर निवडीत बसली व्हती. माझ्याशी बोलता बोलता ताट कलंडलं."

शाइस्ताचा हात दाराच्या कडीवर होता. "कुठल्या सकाळी?"

"कालच्याच की. आन् लगीच घेऊन आलो, जीपमधी घालून."

"पण तुम्ही म्हणाला होतात, आदल्या दिवशी संध्याकाळी वारं..."

पुंजाराम चक्क हसले. थकलेलं, पण मनापासून. "ते देवीचं वारं, म्याडम. अंगात येतं ते. दरसाली सातव्या माळेला येतं तिला."

"अगं बया!" रत्नमालेनं पदर तोंडाला लावला. "आमच्या मराठी मॅडमला एवढं ठावं नाय व्हय?"

ठाऊक होतं. अंगात येणं तिनं पाहिलेलं होतं. तिच्या गल्लीतल्या बायकांना दर्ग्यात हाजिरी यायची, केस मोकळे सोडून त्या घुमायच्या. वहीत 'अंगात येणं' सुद्धा होतं. 'वारं येणं' तेवढं नव्हतं. वारं म्हटलं की तिला ते फक्त जाताना ऐकू येत होतं.

रत्नमाला उठून गेली. पुंजाराम थोडे सरकले, आवाज खाली आणला.

"म्याडम, तुमच्या मशीनमधी काय काय दिसतं?"

"रक्त कुठं पोचलं नाही ते दिसतं, मामा."

"देवीचा कोप दिसतो का?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं. सातव्या माळेला मुलीला बघायला आलेले पाहुणे घरात होते. नेमकं तेव्हाच चतुराबाईंना वारं आलं. पाहुण्यांसमोर हे नको म्हणून पुंजारामांनी तिचं मनगट धरलं आणि ओढत स्वयंपाकघरात नेलं. वारं अर्ध्यात मोडलं. "ज्या हाताला धरलं," ते म्हणाले, "तोच हात गेला बघा."

बोलायची वेळ तीच होती. हे शाइस्ताला तेव्हाही कळत होतं. साडेदहाला लकवा, अकरा चाळीसला दवाखाना. एक तास आणि दहा मिनिटं. साडेतीन तास जवळजवळ हातात होते. तिनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "काळजी करू नका मामा, व्यायामानं फरक पडेल," आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर पुंजारामांचं ते अर्धं वाक्य तिच्यामागं लागलं. सकाळी कामाला बसली की आधी चतुराबाईंची दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उघडायची. पहिलं जवळजवळ स्वच्छ. दुसऱ्यात ती सावली. पहिल्या चित्राच्या कोपऱ्यात तिनंच भरलेल्या वेळेवरून हिशेब झालेला: सोळा तास चाळीस मिनिटं. मास्तरनं खरं तेच सांगितलं होतं. मेंदू अजून शाबूत आहे, दहापैकी नऊ. शेजारच्या चौकटीत एका माणसानं काय लिहिलंय, ते खरं की खोटं, हे विचारायची सोय त्याच्यात नव्हती. डॉक्टर मंजुषांनी मात्र विचारलं होतं, फोन करून, दोनदा विचारलं होतं.

एसटी पैठणच्या रस्त्याला लागली की खिडक्या खडखडायच्या, आणि त्या खडखडाटात कुणीतरी मागच्या सीटवरून म्हणायचं, पर मंग सकाळी. ती वळून बघायची नाही. मागं कोण बसलंय हे बघून ठेवलेलं असायचं. एकदा कॉलेजच्या पोरी होत्या, एकदा कोणीच नव्हतं. नळाखाली भांडी धरली की पाण्यातून यायचं. मंग सकाळी. ती मनातल्या मनात वाक्य पुरं करून द्यायची, म्हणजे ते जाईल असं वाटायचं. मंग सकाळी उठली. मंग सकाळी सडा टाकला. पुरं झालं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

एकदा दुपारी सुट्टीच्या दिवशी ती कणीक मळत होती. तिचा नवरा अझहर दारात येऊन उभा राहिला.

"किससे बातां कर रहे तुम?"

"किसी से नहीं."

"मराठी में बोल रहे थे. कोई भगर की बात थी."

तिनं कणकेवर पाणी जास्त ओतलं. तो परातीकडं बघून निघून गेला. वाळूजच्या कंपनीत मशीन चालवणारा माणूस तो. आवाज बदललेलं यंत्र त्याला लगेच ओळखू यायचं, पण ते बंद पडेपर्यंत हात लावायचा नाही ही त्याची सवय.

सव्वा महिन्यानं पुंजाराम चतुराबाईंना व्यायामाच्या डॉक्टरांकडं घेऊन आले. चाकाच्या खुर्चीत त्या बसल्या होत्या, मांडीवर उजवा हात कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. शाइस्तानं नजर चुकवायची म्हणून पुंजारामांकडं पाहिलं, तर त्यांचाही उजवा हात टॉवेलनं गळ्यात बांधलेला.

"मामा, पडलात का काय? चला, फोटो काढू हाताचा."

"हाताला काय नाय झालं."

"मग बांधला का?"

"बंद ठिवलाय." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "ह्यानंच वढलं व्हतं तिला. तिचा हात चालंल तव्हा ह्यो चालंल. देवीपुढं बोललोय तसं."

टॉवेलमधून बाहेर आलेली बोटं सुजली होती, पांढरट पडली होती. हाडांची चित्रं काढण्यात शाइस्ताची दहा वर्षं गेली होती. न हलवलेला खांदा आतून कसा धरतो हे तिला दिसतच होतं.

"खांदा आखडेल मामा. कायमचा."

"आखडू द्या."

"अन् कापूस?"

"बाया येतेत. सूनबाई हाय."

चतुराबाई समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. नवरा बोलत होता त्या बाजूला त्यांनी मान वळवली नाही. "अशीच करती," पुंजाराम हळूच म्हणाले. "घरी आल्यापासून वाचा नाय, आन् माझ्याकडं बघंना."

ते गेल्यावर शाइस्तानं यंत्राच्या खोलीतूनच डॉक्टर मंजुषांना फोन केला. उभं राहूनच सगळं सांगितलं, नाहीतर मध्येच थांबली असती. वारं येणं, वारं जाणं, आठवी माळ, साडेदहा.

"मला ते नऊ गुण खटकलेच होते," डॉक्टर म्हणाल्या. "सोळा तासांनी असं क्वचित दिसतं. म्हणून तर तुला विचारलं."

"हो. आणि मी पक्की म्हणाले."

"मीही नवऱ्याला फोनवर घ्यायला हवं होतं." मग त्यांचा डॉक्टरी स्वर परत आला. "इंजेक्शन दिलेले सगळेच उठून चालतात असं नाही, शाइस्ता."

"तेच मी मला रोज सांगते, मॅडम."

"लेखी दे. मीही देते. चौकशी होईल."

जबाब तिनं तिथंच लिहिला. काय ऐकलं, काय समजली, काय लिहिलं. दीड पानाचा. पेशंटच्या घरी कोण सांगणार, या रकान्यात काय भरायचं असं दवाखान्याच्या कारकुनानं विचारलं, तेव्हा तिनं स्वतःचं नाव सांगितलं.

घरी अझहरला सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं.

"नौकरी जाएगी."

"मालूम."

"मैं छोड़ता तुमको वहाँ तक. अकेले नक्को जाओ."

रविवारी दुपारी त्यानं तिला मोटारसायकलवर पुंजारामांच्या गावात आणलं आणि तो बाहेर लिंबाखाली थांबला. घर सिमेंटचं, दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस. खाटेवर चतुराबाई उशीला टेकून बसल्या होत्या. सुनेनं चहा आणला. पुंजारामांनी बशी डाव्या हातानं धरली. थोडा चहा धोतरावर सांडला.

शाइस्तानं आपला कप खाली ठेवला. "मामा, त्या दिवशी तुम्ही मला दोन गोष्टी सांगत होतात. मी एकच ऐकली."

तिनं सांगितलं. शब्द साधे ठेवले. एक इंजेक्शन होतं, वेळेत आलेल्याला देता येतं. तुम्ही वेळेत आला होतात. मी वेळ चुकीची लिहिली. तुम्ही पुढं बोलत होतात, मी बोलू दिलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तरी मी तेच सांगितलं.

पुंजाराम बशीत बघत होते. "इंजेक्शन दिलं असतं तर ही बोलली असती?"

"कदाचित. नक्की नाही सांगता येत. पण वाट होती. ती माझ्यामुळं बंद झाली."

"म्हंजी माझ्या हातानं नाय?"

"नाही मामा. मनगट धरल्यानं लकवा मारत नाही. मेंदूतली एक लहान नळी तुंबली."

"ती कशानं तुंबली?"

"मावशींना बीपी होतं. बीपीनं होतं असं."

"बीपी तर चार सालापासून हाय." त्यांनी बशी खाली ठेवली. "वढल्याच्या दुसऱ्याच सकाळी कशी तुंबली?"

हे मास्तरच्या चित्रातही दिसलं नव्हतं.

"कधी कळलं तुम्हाला हे?"

"दुसऱ्याच दिवशी. तुम्ही बाकावर बसला होतात तेव्हा."

"आन् आज सांगताय?"

"भ्याले होते."

"कशाला?"

"नोकरीला. तुम्हाला. सगळ्यालाच."

"मी दीड महिना डाव्या हातानं जेवतोय, म्याडम," पुंजाराम म्हणाले. आवाज चढला नाही. सूनबाई दारातून आत सरकली. मग ते म्हणाले, "म्हंजी अर्धं माझं, अर्धं तुमचं."

"तुमचं नाही, मामा..."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी बांधलेल्या हाताकडं पाहिलं. सोडला नाही. पण डाव्या हातानं टॉवेलची गाठ चाचपत राहिले, ती किती घट्ट बसलीय ते बघावं तशी. "मला काय सांगताय पर? वाचा तिची गेली. तिला सांगा."

शाइस्ता उठून खाटेजवळ गेली आणि जमिनीवर बसली. चतुराबाईंनी सगळं ऐकलेलं होतं. डोळे तिच्यावरच होते. तरी तिनं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तुमचा नवरा नीट सांगत होता, मावशी, असंही सांगितलं. ऐकताना चतुराबाईंची मान हळूहळू पुंजारामांकडं वळली. त्यांच्यावर नजर जरा वेळ थांबली. मग परत शाइस्तावर आली, आणि ओढलेल्या तोंडातून आवाज निघाला.

"तो... तो तो. तो तो तो."

एकच अक्षर. पण त्यात पुऱ्या वाक्यांचे चढउतार होते. कुठं प्रश्न होता, कुठं दटावणी, मध्येच कसली तरी यादी केल्यासारखं. डावा हात हवेत उठत होता, खाटेच्या कडेवर आपटत होता. शाइस्तानं कान दिला. राग असेल, शिवी असेल, घटाचं काही असेल, किंवा लेकीच्या सोयरिकीचं. तिला काहीच कळत नव्हतं.

"त्या असंच बोलतेत," दारातून सूनबाई म्हणाली. "दमल्या की थांबतेत आपोआप. तुम्ही नका बसू, ताई."

"बोलू द्या त्यांना," शाइस्ता म्हणाली.

बाहेर अझहरनं एकदा हॉर्न वाजवला, थोड्या वेळानं पुन्हा एकदा. चतुराबाई थांबल्या, श्वास घेतला, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेलं डाव्या हातानं पुसलं आणि पुन्हा सुरू झाल्या. शाइस्ता जागची हलली नाही.